पाठीवरची चेन

आमचे हे गेले त्याला येत्या थंडीत वर्ष होईल. तेव्हापासून माझा एक नेम आहे. पहाटे देवापुढे दिवा लावायचा, स्तोत्रांची वही वाचायची आणि उजाडलं की समुद्रावर जाऊन सर्फिंगच्या फळीवर एक लाट घ्यायची. एकच. ह्यांच्या नावाची.

लाटांचा नाद त्यांचा. निवृत्तीनंतर लोक बाग लावतात, ह्यांनी फळी आणली. शेवटच्या दोन उन्हाळ्यांत मलाही ओढलं. मी काही उभी राहत नाही, पोटावर पडूनच किनाऱ्याला येते. देवाला ते चालतं, लाटेलाही चालतं.

उन्हाळा निभावला. मग या थंड मुलखातल्या समुद्राचं पाणी चौदा अंशांवर उतरलं, तशी मी ह्यांचा वेटसूट, गार पाण्यात घालायचा रबरी पोशाख, बाहेर काढला. तो मला एवढा ढगळ, की पाण्यात शिरलं की बादली अंगावर घेऊन चालल्यासारखं वाटे. त्यात त्याची चेन पाठीवर, कमरेपासून मानेपर्यंत. माझा हात अर्ध्यापर्यंतच पोचायचा. उरलेल्या पाठीतून पाणी आत. गेल्या आठवड्यात ताप आला, तो अंगावर काढून नेम केला आणि फोनवर धाकट्या बहिणीने आवाजावरून पकडलं.

"ताई, पुण्य कमावतेस की न्यूमोनिया?"

"एकच तर लाट असते गं."

"यमाला एकच पुरते. हे बघ, स्वतःच्या मापाचा सूट आण. आणि तुला एकटीला घालता येईल असाच आण. नाही मिळाला तर नेम सोडायचा आणि सामान बांधून माझ्याकडे यायचं. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. मी शब्द मोडत नाही हे तिला ठाऊक आहे, म्हणून तर ती तो घेते.

'एकटीला' हा शब्द तिने मुद्दाम घातला होता. ती आमच्याकडे आली की बघायची ना. किनाऱ्यावर हे माझ्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि म्हणायचे, "ओढ गं." मी चेन ओढायची. मग धाकटी म्हणायची, "भाऊजी, एवढा समुद्र अंगावर घेता आणि एक चेन लावता येत नाही?" त्यावर हे म्हणायचे, "पाठीला हात दिले नाहीत देवाने, बायको दिली."

दुकान बंदराच्या मागच्या गल्लीत होतं. आत रबराचा उग्र वास, आणि काळे सूट ओळीने टांगलेले, मान खाली घालून उभ्या असलेल्या माणसांसारखे. दुकानदारीण चाळिशीची. पूर्वी पोहायला शिकवायची म्हणाली. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, पण हसली नाही.

"कुणासाठी काकू? नातवंडांसाठी?"

"माझ्यासाठी. थंडीत रोज जाते."

"रोज? मग हा स्वस्तातला नको. याची शिवण आरपार आहे, टाक्याटाक्यातून पाणी येतं. आणि तो महागातला तासन्‌तास पाण्यात राहणाऱ्यांसाठी. तुम्ही किती वेळ असता?"

"एक लाट."

आता मात्र ती हसली. "तुमच्यासाठी मधला. अंगाला चार मिलिमीटर, हातापायांना तीन. शिवण चिकटवलेली, टाके आरपार न गेलेली. यात दोन प्रकार, किंमत सारखीच. एकाची चेन छातीवर, एकाची पाठीवर. छातीवरचा जास्त ऊबदार, पण काढताना खांदे सोडवायला जीव जातो. पाठीवरचा सोपा." मग तिने सहज विचारलं, "घरी मदतीला आहे ना कुणी?"

"आहेत," मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं.

आधी छातीवरच्या चेनीचा घेतला. तिने पायात घालायला प्लॅस्टिकची पिशवी दिली, म्हणजे पाय सरकतो. पाय सरकले, हात सरकले, मानेतून डोकंही कसंबसं गेलं. छातीवरची चेन लागली. सूट कातडीसारखा बसला. पण काढताना डावा खांदा अडकला तो अडकलाच. त्या एवढ्याशा खोलीत, एक हात वर, एक हात आत, मी आरशात स्वतःकडे बघत उभी. घामाने न्हाले. धाकटीचं घर डोळ्यांपुढे आलं. तिची मागची खोली, खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकी. समुद्र नाहीच.

शेवटी हाक मारली. दुकानदारीण आत आली आणि तिने मानेखाली बोटं घालून खांदा मोकळा केला. कुणीतरी माझ्या खांद्याला हात लावून किती महिने झाले, ते मला तेव्हा कळलं.

"मी मघाशी खोटं बोलले," मी म्हटलं. "घरी कुणी नाही. हा मला एकटीला निघायचा नाही. आणि पाठीवरची चेन तर लागायचीच नाही."

"का नाही लागणार? दोरी आहे की."

तिने दुसरा सूट फिरवला. चेनीच्या टोकाला लांब, चपटी, निळी दोरी होती. तिच्या शेवटाला बोटभर चिकटपट्टी.

"ही खांद्यावरून पुढे घ्यायची आणि वर ओढायची. एकट्या माणसासाठीच असते."

"आमच्या ह्यांच्या सूटला नव्हती."

"असं होत नाही काकू. प्रत्येक सूटला येते. कुणीतरी कापली असेल."

मी दोरी हातात घेतली. ती मला हाताने ओळखता आली. तीच वीण, तीच खरखरीत चिकटपट्टी. माझ्या स्तोत्रांच्या वहीची पानं सुटायला लागली होती, तेव्हा ह्यांनी एक निळी पट्टी आणून दिली होती. "घे, वही बांधायला. टोकाला चिकटतेसुद्धा." सहा वर्षं रोज सकाळी मी ती सोडते आणि बांधते.

"काकू, बसता का जरा?"

"नको. हाच दे. पाठीवरचा."

घरी आल्यावर वही काढली. पट्टीचं एक टोक काळपट, गुळगुळीत होतं. धागे उसवू नयेत म्हणून काडीने जाळलेलं. ह्यांच्या सूटची चेन पाहिली. तिथेही नखाएवढा निळा तुकडा, तसाच जाळलेला. कापल्यावर दोन्ही टोकं जाळून, नीटनेटकं काम केलं होतं. आणि वर काय म्हणायचे, तर देवाने पाठीला हात दिले नाहीत! मला हसू आलं. घरात ते ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून लगेच थांबलंही.

दुसऱ्या दिवशी दिवा लावला, वही वाचली, पट्टी बांधली. किनाऱ्यावर वारा होता, माणूस नव्हतं. सूट खांद्यांपर्यंत चढवला. दोरी खांद्यावरून पुढे घेऊन ओढली, तर चेन कमरेवरच अडली. परत ओढली. अडली. मग आठवलं, ओढण्याआधी ह्यांना मीच सांगायची, "वाका जरा, श्वास धरा." मी वाकले. श्वास धरला. "ओढ गं," म्हटलं आणि ओढली. चेन मानेपर्यंत आली.

पाणी मानेतून थोडं आत आलं, बर्फासारखं. मग तेच अंगाशी राहून हळूहळू कोमट झालं. लाट घेतली. एकच.

किनाऱ्यावरूनच धाकटीला फोन केला. "सामान बांधत नाही."

"चेन कुणी लावली?"

"मीच."

ती म्हणाली, "घट्ट बसली ना?"

"बसली," मी म्हटलं. सूट अजून अंगावरच होता. फोन ठेवला, हात खांद्यावर नेला आणि दोरी तशीच धरून जरा वेळ वाळूत बसले.