बंडप्पाची दाढ

लोहारा गावच्या बंडप्पाची दाढ पुन्हा सुजली, आणि घरातल्या प्रत्येकाकडं तो चोर पकडायला आल्यासारखा बघू लागला.

गेल्या वर्षी हीच दाढ सोलापूरच्या डॉक्टर गोपाळकृष्णांनी वाचवली होती. नस काढली, मूळ साफ केलं, औषध भरून वरून पक्कं बुजवलं. मग मेलेली दाढ उठली कशी? कुणीतरी काहीतरी केल्याशिवाय?

"संक्रांतीला थोरल्या बाईंच्या हातची गव्हाची गोड हुग्गी खाल्ली, अन् दुसऱ्या दिवशी गाल फुगला," बायको महानंदा कुजबुजली. "ध्यानात येतंय का?"

थोरल्या बाई म्हणजे गिरिजाबाई, बंडप्पाच्या थोरल्या भावाची विधवा. साऱ्या घराला रांधून घालणारी बाई. त्या दिवसापासून बंडप्पा ताटातला पहिला घास मांजराला घालून बघू लागला. मांजर गलेलठ्ठ झालं, संशय मात्र हटेना. गल्लीतही कुजबुज पसरली. अखेर बंडप्पानं गिरिजाबाईंच्या माहेरी, आळंदला, निरोप धाडला, तुमच्या बहिणीला घेऊन जा.

तिचा भाऊ शरणबसप्पा यायचा त्याच दिवशी दाढ असह्य ठणकली. बंडप्पानं सोलापूरची पहाटेची एस.टी. धरली. डॉक्टरचाही त्याला वहीम होताच. यानंच मुद्दाम काही शिल्लक ठेवलं असेल!

डॉक्टरांनी दाढेचा एक्स-रे फोटो काढून दाखवला. "मुळाच्या टोकाशी हा डाग दिसतो? इथं जंतू आहेत."

"कुणी घातले?"

"कुणी नाही. आधीपासून आतच होते. मोठी नळी मी धुतली, पण मुळाला केसाहून बारीक फाटे असतात, तिथं हत्यार पोचत नाही. तिथं ते दडून बसतात. खायला नाही, हवा नाही, वर जहाल औषध. तरी चिकट थराखाली एकमेकांना धरून तग धरतात. जरा ओल झिरपली की पुन्हा उठतात. माझ्याच हातून राहिलं, बंडप्पा. पुन्हा उघडून साफ करू."

बंडप्पा तर भांडायलाच आला होता. आरोप करायच्या आधीच डॉक्टरांनी दोष पदरात घेतला होता.

"मग हुग्गीचं काय?"

"एवढा डाग एका घासानं पडत नाही. त्याला महिने लागतात. आधी चावताना ठणकत नव्हती?"

ठणकत होती. दिवाळीपासून. बंडप्पानं मान खाली घातली.

तो परतला तेव्हा गिरिजाबाई गाठोडं घेऊन उंबऱ्यात बसल्या होत्या आणि शरणबसप्पा गाडी जुंपत होता.

"वैनी, जाऊ नगा. खोट दाढंत हुती. म्या उगंच तुमच्यावर वहीम घेतला."

गिरिजाबाई उठल्या नाहीत. "आज डॉक्टरनं सांगितलं म्हणून, भावजी. उद्या कुणाचं पोट दुखलं तर?"

बंडप्पाला लाज वाटली, मनापासून वाटली. "तर दवाखान्यात जाऊ. तुमच्याकडं बोट न्हाय दाखवणार."

"हे मला नका सांगू. गल्लीला सांगा."

सुजल्या गालानं बंडप्पा गल्लीत उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "माझ्या वैनीचा काही दोष न्हाय. मी खोटा हुतो!" महानंदा दाराआड रडत होती. ती पुढं आली आणि जावेच्या हातातलं गाठोडं तिनं घरात नेलं. शरणबसप्पानं बैल सोडले.

वाचकहो, इथलं निजामाचं राज्य गेलं, दाढांचे फोटो निघू लागले. पण विधवेच्या हाताचा संशय आपल्या घरांत अजून तग धरून आहे. वरवर बुजवून तो मरत नाही. तो मुळापासूनच काढावा लागतो, आणि त्यासाठी बंडप्पासारखं चारचौघांत तोंड उघडावं लागतं.