हिरव्याखाली तांबडा

मित्रांनो, सायकलची चाकं, हँडल, सीट आणि साखळी काढून घेतली की मागे जे उरतं, ते म्हणजे मी. एक जुनी पोलादी फ्रेम. कुसगावात प्रज्ञेशच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. तिथे मी कित्येक महिने दोन हुकांना टांगलेली होते. टांगलेली वस्तू शांत असते, असं तुम्हाला वाटत असेल. तसं नसतं. दुपारी पत्रा तापला की मी किंचित लांबते आणि सांजेला गारवा आला की तेवढीच आखडते. हायवेवरून अवजड ट्रक गेला की माझ्या पोकळ नळ्या बारीक घुमतात. ज्या लोखंडाला रस्त्याची सवय लागली, त्याला स्वस्थ राहणं जमत नाही.

माझा जन्म कुठे झाला, ते मला ठाऊक नाही. छातीवर कारखान्याचा पितळी बिल्ला होता म्हणे. तो केव्हाच पडला आणि त्याची दोन भोकं उरली.

मला आठवतो तो पहिला माणूस म्हणजे सोपान. तो कुसगावचा शेतकरी. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून तो मला लोणावळ्यातल्या हॉटेलांच्या मागच्या दारांशी न्यायचा. धुक्यात समोरचं दिसत नसे. मग सोपान घंटी वाजवत राहायचा आणि मी त्याच्या वजनाखाली चढ ओढायची. हॉटेलचा एखादा आचारी म्हणायचा, "सोपानभाऊ, गाडी लय दणकट हाय तुमची."

"गाडी कुटली? तिसरा बैल हाय त्यो," सोपान म्हणायचा.

हे तो नुसतं बोलायचा नाही. मावळात बैलपोळा भाद्रपदात येतो. त्या दिवशी सोपान आपल्या सर्जा-राजाला धुऊन त्यांची शिंगं रंगवायचा आणि डब्यात उरलेला रंग माझ्या अंगावर चढवायचा. एका साली पिवळा, एका साली जांभळा. लोक हसायचे. मला मात्र त्या दिवशी मानाने मिरवल्यासारखं वाटे.

मग सोपान वारला. बैलही गेले. माझी चाकं कणसं भाजणाऱ्याच्या हातगाडीला लागली. सोपानच्या मुलाने, कैलासने, पर्यटकांसाठी खोल्या बांधायला काढल्या तेव्हा मी आडवी येऊ लागले. एका गुरुवारी त्याची आई, शालूबाई, शिरगावला साईबाबांच्या दर्शनाला गेली होती. तेवढ्यात कैलासने मला भंगारवाल्याच्या टेम्पोत टाकलं.

भंगाराच्या ढिगातून मला प्रज्ञेशने उचललं. तो तळेगावच्या एका कारखान्यात इंजिनियर आहे आणि सुटीच्या दिवशी जुन्या फ्रेम ओळखतो, दुरुस्त करतो. त्याने माझे सांधे बोटांनी चाचपले, नळ्यांची जाडी मोजली, पेडलचा दांडा बसतो तिथले आटे तपासले. "ही विलायती असणार," तो स्वतःशी म्हणाला. खात्री होण्यासाठी त्याला नंबर हवा होता. असा नंबर सीटच्या नळीवर ठोकलेला असतो, पण तिथे रंगाचे थर साचले होते.

त्याने एका नळीवर नखाएवढी जागा पात्याने हलकेच तासली आणि भिंग लावलं. वरून खाली हिरवा, तांबडा, जांभळा, मग गंजाची बारीक तपकिरी रेघ आणि तिच्याखाली पिवळा. प्रज्ञेशचे डोळे चमकले. त्याने हिशेब मांडला की गंजाच्या वरचे रंग कुणीतरी घरी फासलेले आणि खालचा पिवळा कारखान्याचा. त्याने जुन्या सायकलींच्या हौशी मंडळींना फोटो पाठवला. एका जाणकाराने असा पिवळा रंग विलायतेत देत असत, असंही छातीठोकपणे कळवलं. झालं. रंग उतरवायच्या रसायनाचा डबा आला. येत्या रविवारी पिवळ्यापर्यंतचं सगळं उतरवायचं ठरलं.

मित्रांनो, ते दिवस मला फार जड गेले. मी कोण, हे मलाही कळायला हवं होतं. पण ते कळण्यासाठी सोपानचा हात माझ्यावरून पुसला जाणार होता. एकाच वेळी दोन्ही बाजूंनी ओढ बसावी, तसं होत होतं.

रविवारी डब्याचं झाकण उघडलं आणि दारात शालूबाई उभी राहिली. सोबत तिची नात, कोमल. कोमल एका हॉटेलात कामाला आहे. तो फोटो फिरत फिरत तिच्या मोबाइलवर आला होता आणि तिने तो आजीला दाखवला होता.

"माझी सायकल हाय ती," शालूबाई म्हणाली. "न्यायला आले."

प्रज्ञेश गोंधळला. "मावशी, मी ही भंगारातून रीतसर घेतलीय."

"मी कुटं म्हनले तू चोरलीस? ज्यानं दिली त्याला घरी बघून घेतलंय मी."

"दोन दिवस पप्पांना चहा स्वतः करून प्यावा लागला," कोमल म्हणाली.

प्रज्ञेश हसला, पण त्याने हात फ्रेमवरच ठेवला. "हिरव्या सायकली खूप असतात, मावशी. हीच तुमची कशावरून?"

शालूबाई जवळ आली नाही. दारातूनच बोलली. "हिरव्याखाली तांबडा हाय. तांबड्याखाली जांभळा. मग एक साल कोरडं."

"कोरडं म्हणजे?"

"राजा गेला त्या साली. एकट्या सर्जाची शिंगं काय रंगवायची? ह्यांनी डबाच आनला न्हाई. ही बी तशीच पावसात ऱ्हायली अन् तांबरली."

प्रज्ञेश भिंग घेऊन त्या तपकिरी रेघेवर वाकला.

"आणि त्याच्याखालचा पिवळा?" त्याने हळूच विचारलं.

"त्यो बी शिंगांचाच. लोनावळ्यातनं मीच आनलेला."

"म्हणजे विलायती नाही."

"लोनावळा विलायतेत असल तर विलायती," शालूबाई म्हणाली.

प्रज्ञेशने डब्याचं झाकण घट्ट लावलं. मग त्याने तिला माझ्या पोटाखालचा सांधा दाखवला. तिथे केसासारखा तडा होता. "मावशी, न्या तुम्ही. पण हे बघा. अशीच भिंतीवर लावली, तर सगळे रंग राहतील. चालवायची असेल, तर इथं तापवून पितळ भरावं लागेल. मग वीतभर जागेतले रंग जळतील. पुन्हा यायचे नाहीत."

"आजी, भिंतीवर छान दिसेल," कोमल म्हणाली. "मी बसने जाते की कामाला."

शालूबाईने पहिल्यांदा माझ्यावर हात ठेवला. तो हात तड्यापाशी थांबला. "भित्तीला काय टांगायची? भित्तीला ह्यांचा फोटू हाय. त्यो तरी काय बोलतोय?" मग ती म्हणाली, "जाळ."

प्रज्ञेशने ज्योत पेटवली. हिरवा फुगला, तांबडा काळवंडला, जांभळा करपून गळाला, मग पिवळा. सोपानची सालं एकामागून एक उलटी उलगडत गेली. वास उग्र होता. शालूबाई पदर नाकाला लावून उभी होती, पण बाहेर गेली नाही. सांधा लाल झाला आणि पितळ तड्यात शिरलं.

मग प्रज्ञेशने मला चाकं, हँडल, सीट आणि साखळी बसवली. आता कोमल मला रोज कामावर नेते. उताराला ती फार ब्रेक दाबते, ते मला आवडत नाही. पण चाकं फिरतात.

तुमच्या घरातही एखादी जुनी, रंग उडालेली वस्तू असेल. ती जरूर घासा, पुसा, तेल द्या, दुरुस्त करा. पण तिच्यावरचं काही खरवडण्याआधी, ती ज्यांनी वापरली त्यांना विचारा. ती माणसं आहेत तोवरच विचारा. आणि विचारून झाल्यावर तिला नुसती टांगून ठेवू नका.

माझा नंबर अजून रंगाखालीच आहे, किंवा कदाचित नसेलही. कोमल मला हवा भरायला प्रज्ञेशकडे नेते. प्रत्येक वेळी त्याचा अंगठा सीटखाली त्या जागेवर जातो आणि तिथे घुटमळतो. पातं शेजारीच पडलेलं असतं. त्याला चैन पडत नाही, मलाही पडत नाही. मग तो अंगठा काढून घेतो, चाक दाबून पाहतो आणि म्हणतो, "जा."