उलट्या हाताची टाळी

आपाचा धाकटा भाऊ इमाम झाला, तेव्हा त्याचा पहिला जुब्बा आपानेच शिवला. गल्लीच्या तोंडाशी तिचं शिवणकामाचं दुकान होतं. माप देताना भावाने एकच गोष्ट बजावली होती, "खिसा खोल ठेव." बिचारीला वाटलं, तसबीहची माळ ठेवायला हवा असेल. मग कळलं की सरकारी कचेरीतून जुम्म्याचा खुतबा, शुक्रवारच्या नमाजाआधीचं प्रवचन, आयता छापून येतो आणि तो चुरगळू नये एवढीच इमामसाहेबांची काळजी असते.

त्या गुरुवारी तो दुकानात आला तोच हात चोळत.

"आपा, उद्या कचेरीचे मोठे साहेब आपल्या मशिदीत येतायत. पहिल्या रांगेत उभे राहणार."

"का? वाट चुकले?"

"थट्टा सोड. पोरीचं काम होईल. खुतबा ऐकून साहेब खूश झाले की मी हळूच विषय काढतो."

पोरगी म्हणजे आपाची एकुलती एक लेक, सरकारी इस्पितळात नर्स. इस्पितळाचा बाळंतपणाचा वॉर्ड बंद करून तिथे साहेब लोकांचं विश्रामगृह करायचं ठरलं, तेव्हा सगळ्या नर्सा पायऱ्यांवर बसल्या. पोलिसांनी उचलल्या. ज्यांनी माफी मागितली त्या घरी गेल्या. हिने मागितली नाही, ती कोठडीतच राहिली. वर हिला लहानपणापासून दमा.

"खुतबा कशावर आहे?" आपाने सुईत दोरा ओवत विचारलं.

"ताबेदारीवर. हुकूमत करणाऱ्याविरुद्ध रस्त्यावर उतरणं म्हणजे फितना, समाजात आग लावणं."

"म्हणजे तू मिंबरावर चढून माझ्या लेकीला आग लावणारी म्हणणार आणि खाली उतरून तिला सोडा म्हणणार."

"नाव कुठे घेतोय मी?"

"नाव घ्यायला छाती लागते."

"आपल्या दीनधर्मात सांगितलंय, आपा. हाकिमाने पाठ फोडली तरी त्याचं ऐका."

"आणि जालीम हाकिमाच्या तोंडावर खरं बोलणं हा सगळ्यात मोठा जिहाद, हे कुणी सांगितलंय? माझ्या शिलाई मशीनने?"

"ते मोठ्या लोकांसाठी असतं."

"आणि पाठ फोडून घेणं लहानांसाठी." तिने दोरा दातांनी तोडला. "तुझी पाठ मी दरवर्षी मापते रे. टेपला कणा काही लागत नाही."

तो रागावून निघाला, पण जाता जाता खिसा चाचपायला विसरला नाही.

जुम्म्याच्या सकाळी आपा डबा आणि दम्याचा पंप घेऊन चौकीत गेली. शिपायाने डबा उघडून हुंगला, आत पाठवला. पंप मात्र टेबलावर आडवा ठेवून बोटाने फिरवत बसला.

"औषधाला वरची परवानगी लागते."

"श्वास घ्यायला पण लागते का?"

"मावशी, मी हुकमाचा ताबेदार."

'अजून एक', आपा मनात म्हणाली.

गजांपाशी लेक उभी होती. ओठ जरा निळसर. खांदे वर उचलून श्वास घेत होती, जिना चढून आल्यासारखी.

"अम्मी, मामाला माझ्यासाठी तोंड उघडू देऊ नकोस. त्याच्या शब्दावर सुटले तर बाहेर येऊन तोंड कुठे लपवू?"

"तोंडाचं बघू नंतर. श्वास कसाय?"

"आहे," लेक म्हणाली. तो एवढासा शब्दसुद्धा तिने दोन तुकड्यांत म्हटला.

दुपारी मशीद फुलून गेली. बायकांची जागा वर माळ्यावर, लाकडी जाळीमागे. तिथून खालच्या टोप्या तेवढ्या दिसत. पहिल्या रांगेत मधोमध मोठे साहेब, डोक्यावर कोरी टोपी, घडीच्या रेघा अजून तशाच. शेजारी हाजीसाहेब. हे गृहस्थ नमाजाआधी हातपाय धुऊन वजू करताना कुणाचं कोपर कोरडं राहिलं तर भर नळावर पाणउतारा करायचे. आज साहेब कोपर कोरडं ठेवून उठले, तर हाजीसाहेबांनी त्यांना रुमाल दिला.

इमामसाहेबांनी खिशातून कागद काढला. कुराणातली आयत म्हटली, की अल्लाहची ताबेदारी करा, रसूलची करा आणि तुमच्यातल्या हुकूमतवाल्यांची करा. आणि थांबले. पुढे त्याच आयतेत आहे की कशावरून वाद झालाच, तर तो अल्लाह आणि रसूलकडे न्या. म्हणजे वाद होऊ शकतो, हे वरच्यालासुद्धा ठाऊक आहे. पण कचेरीच्या छापखान्यात तेवढी जागा नसावी. मदरशातल्या कच्च्याबच्च्यांनासुद्धा ती आयत पूर्ण पाठ होती. पण खुतबा चालू असताना बोलायचं नसतं, 'गप्प बस' म्हणायलासुद्धा तोंड उघडायचं नसतं. त्या नियमाने आजवर एवढ्या पुरुषांची अब्रू कधी राखली नसेल. सगळे आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होते.

"पायऱ्यांवर बसणाऱ्या बाया," इमामसाहेब वाचत होते, "घराला आणि उम्मतला, अवघ्या जमातीला, कलंक आहेत."

माळ्यावर कुणीतरी आपाच्या गुडघ्यावर हात ठेवला. आपाने तो थोपटून बाजूला केला.

मग नमाज उभी राहिली. जुम्म्याच्या दोन रकाती, नमाजाच्या दोन फेऱ्या. पण पाठीशी साहेब, डोक्यात ते खूश झाले की नाही याची रुजवात, त्यात इमामसाहेबांचा हिशेब चुकला. दुसऱ्या रकातीनंतर बसायचं, तर ते सरळ तिसरीला उभे राहिले. त्यांच्यामागे साहेब उठले. त्यांना काय, कितीही असल्या तरी चालल्या असत्या. हाजीसाहेबांचे गुडघे अर्ध्यावर अडकले. त्यांना माहीत होतं. इमाम चुकला की मागच्या पुरुषाने 'सुब्हानल्लाह' म्हणून आठवण द्यायची, एवढं तर कालच नमाज शिकलेल्यालाही माहीत असतं. पण इमाम चुकला म्हणावं, तर साहेबही चुकले असं होतं. हाजीसाहेबांनी एकदा शेजारी साहेबांकडे पाहिलं आणि गुडघे सरळ केले. त्यांच्यामागे अख्खी मशीद चुकीत उभी राहिली, रांगा मात्र दोरीत.

आपा उठली नाही. चुकलेल्या इमामामागे उठायचं नसतं. बसून राहायचं आणि त्याला आठवण द्यायची. पुरुषांना आठवणीसाठी तो शब्द दिलाय, बायकांना टाळी. उजवा तळवा डाव्या हाताच्या पाठीवर. तिने मारली. कात्री चालवून दगड झालेला हात तो. खाडकन आवाज घुमटाला लागला. मग शेजारणीने मारली, मग तिच्या सुनेने, मग पूर्ण माळ्याने.

इमामसाहेब दचकून बसले. त्यांच्याबरोबर सगळी मशीद धपकन बसली. साहेब तेवढे एकटे उभे, रस्ता चुकल्यासारखे इकडेतिकडे बघत. चुकीच्या भरपाईचे जादा सजदे करून नमाज कशीबशी पुरी झाली.

अंगणात चपला शोधत असताना आपाला बोलावणं आलं. अंगणाच्या दारापाशी साहेब उभे होते आणि, नवल म्हणजे, हसत होते.

"तुम्हीच सुरुवात केली म्हणे टाळ्यांना? मी खूप मशिदी पाहिल्या, पण बायकांनी भाषणाला अशी दाद दिलेली पहिल्यांदाच पाहिली!"

आपाला क्षणभर कळेना. मग कळलं, आणि हसू गालाच्या आतून चावून धरावं लागलं. माणसाला चूक दाखवली, तर त्याने ती हारासारखी गळ्यात घालून घेतली होती.

"आपल्या आगमनाचाच असर, साहेब," हाजीसाहेब म्हणाले.

"ही माझी मोठी बहीण," इमामसाहेब घाईने पुढे झाले. "हिची एक छोटीशी अडचण आहे, साहेब..."

"बोला ना, बाई. अशा समजदार घराला नाही म्हणणार नाही मी."

भावाचे डोळे विनवत होते: गप्प राहा, आपा, फक्त गप्प राहा, संध्याकाळी पोर घरी येईल. आणि खरंच, काही बोलायचंच नव्हतं. मान खाली घालायची, एवढंच. आपाची मान जरा झुकलीसुद्धा. तिला ते निळसर ओठ दिसत होते. आणि मग त्याच ओठांमधून दोन तुकड्यांत आलेलं ते 'आहे' ऐकू आलं.

तिने मान वर केली.

"साहेब, ती दाद नव्हती. इमाम चुकला की बाया टाळी मारतात. हा माझा भाऊ चुकला आणि त्याच्यामागे तुम्ही चुकलात. हाजीसाहेबांना विचारा, त्यांना आधीच कळलं होतं."

हाजीसाहेब आपली चप्पल शोधायला लागले. ती त्यांच्या पायातच होती.

साहेबांचं हसू आटलं. गाडीचं दार आपटलं.

"घालवलंस!" भाऊ कुजबुजला. "हातातोंडाशी आलेलं घालवलंस! आता पोरगी सडेल आत."

"तुझ्या शब्दावर सुटायचं नाही, असं तीच म्हणाली. मी फक्त निरोप पोचवला," आपा म्हणाली. आवाज मात्र तिचाच तिला ओळखू आला नाही.

ती तशीच चौकीकडे निघाली. पायरीवर पोचून मागे पाहिलं, तर शेजारीण, तिची सून आणि माळ्यावरच्या निम्म्या बाया मागोमाग आलेल्या. कुणी घोषणा दिली नाही. पायरीवर बसल्या आणि उजवा तळवा डाव्या हाताच्या पाठीवर मारू लागल्या. टाळी, थांबा, टाळी.

शिपाई बाहेर आला. "हे काय? मोर्चा?"

"नाही रे," आपा म्हणाली. "चुकलास, आठवण देतोय. पंप टेबलावर राहिलाय."

आतून, भिंतीपलीकडून, त्याच चालीवर एक टाळी आली. बारीक, दमलेली, पण आली. शिपायाने रस्त्यावर जमणाऱ्या लोकांकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, फोन उचलला नाही. "वरच्यांना सांगू नका," असं पुटपुटत पंप घेऊन आत गेला.

रस्त्याच्या पलीकडे पुरुष उभे होते, दुकानांच्या सावलीत, मोजून मापून लांब. त्यांच्यात इमामसाहेबही होते. आपाने टाळी न थांबवता त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी त्याला नमाज तिनेच शिकवली होती, तिच्या ओढणीवर उभं करून. पुरुष म्हणून त्याला तो शब्द दिलेला आहे. एकच तर म्हणायचाय.

त्याने तोंड उघडलं. आपाचा हात हवेतच थांबला.

इमामसाहेब खोकले, आणि खिसा चाचपला.

आपाने हात खाली आणला. टाळी चांगलीच वाजली.