बाबांच्या आवाजाचा परवाना

चार वाजून दहा मिनिटांनी थोरल्या मुलीने बाबांच्या जुन्या संगणकावरचा, टाइप केलेलं बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा परवाना नव्यावर नेण्यासाठी सोडवला आणि तिथेच घोडं अडलं. एक परवाना, एक संगणक, असा नियम. नियम करणाऱ्याच्या घरी कोणी मुकं नसावं बहुधा. जुना संगणक वाक्याच्या मध्येच बंद पडायचा, म्हणून नवा आणलेला. पण परवाना जाताच जुन्याची बोलण्याची सोय बंद झाली आणि नवा काही केल्या परवाना घेईना.

घशाच्या ऑपरेशनमध्ये बाबांचा आवाज गेला, श्वासासाठी गळ्याला छिद्र राहिलं; तेव्हापासून तीन वर्षं ते टाइप करायचे आणि संगणक बोलायचा. पाच वाजता आत्याचा फोन येणार होता. बाबांची ही मोठी बहीण दूरच्या शहरात राहायची, आणि तिला अजिबात दिसत नसे. उद्या सकाळी तिच्या हृदयाचं ऑपरेशन. तिला सांगायला म्हणून बाबांनी तीन दिवस खपून दोन पानं लिहून ठेवली होती.

"मी वाचून दाखवते ना," थोरली म्हणाली.

बाबांनी पानांवर तळहात ठेवला. भावाबहिणीच्या गोष्टीत मुलीने नाक खुपसायचं नाही, हे त्या जुन्या शाळामास्तरांनी न बोलताही नीट कळवलं.

तिने पंचवीस अक्षरी क्रमांक चौथ्यांदा टाकला. मदत केंद्रातल्या बाईंनी "चोवीस तासांत होईल, मॅडम" म्हणून काखा वर केल्या. थोरली खोलीत येरझारा घालू लागली. बाबा बोटांनी टेबल वाजवत होते. तिला त्यांचा राग आला, मग स्वतःचा आला. नेमका आजच कशाला हात लावला होता तिने?

बरोबर पाचला फोन वाजला. तिने स्पीकर लावला.

"आत्या, बाबा समोरच आहेत, पण आज त्यांना बोलता येणार नाही. माझ्यामुळे झालं."

मग आत्या म्हणाली, "फोन त्याच्या गळ्यापाशी धर बघू."

थोरलीने धरला. गळ्याच्या छिद्रातून श्वास येत-जात होता, किंचित घरघरत.

"ऐकू येतोय रे," आत्या म्हणाली. "इतके दिवस त्या डब्याशीच बोलत होते मी. पलीकडे तू आहेस की नाही, मला कसं कळणार? उद्याची भीती वाटतेय. असाच बस थोडा वेळ."

इतक्यात नव्या पडद्यावर परवाना मिळाल्याची हिरवी खूण उमटली. थोरली लगबगीने कीबोर्ड पुढे सरकवायला गेली. बाबांनी तो बाजूला सारला, तिच्या हातातून फोन घेतला आणि स्वतःच गळ्याशी धरून बसले.