अठरा रिकाम्या पेट्या

गाडी दाखवायला म्हणून आणली होती, पण अर्ध्या तासात वाडीने तिला लग्नाची मुलगी पाहावी तशी पार पाहून घेतली. शेजारच्या रावजींनी पत्र्यावर बोटांच्या पेरांनी टकटक केलं, कान लावला, आणि फणस पिकलाय की नाही ते सांगावं तशा सुरात म्हणाले, "जरा पातळ आहे." उमाच्या सासूबाईंनी, म्हणजे यमुनाबाईंनी, एकदा पुढच्या दाराने आणि एकदा मागच्या दाराने चढून पाहिलं. दोन्ही वेळा गुडघ्यांनी एकच निकाल दिला. मग "दिसायला बरी आहे हो," असं म्हणून त्या पन्हं करायला आत गेल्या.

सासऱ्यांनी, श्रीपतीअण्णांनी, यातलं काही केलं नाही. ते खोपीतून आंब्याची एक लाकडी पेटी घेऊन आले, गाडीच्या मागच्या दारातून आत सरकवली आणि सेल्समनला विचारलं, "अशा किती?"

सेल्समनचं नाव दीपक. तो टाय बांधून आला होता. एप्रिलातल्या रत्नागिरीत टाय बांधणाऱ्या माणसाची उमाला आधीच कणव येत होती.

"सर, बूट स्पेस तीनशे वीस लीटर आहे," तो म्हणाला.

"लीटरने दूध मोजतात. पेट्या किती?"

दीपकने आयुष्यात पहिल्यांदाच छापील माहितीपत्रक मिटून खिशात ठेवलं असावं.

दोन हजार तेरा साल होतं. या नव्या जातीच्या गाड्या तेव्हा कुठे शहरात दिसायला लागल्या होत्या. तोंड जीपचं, अंग मोटारीचं, पाठीवर स्टेपनी बांधलेली, लांबी चार मीटरच्या आत. घरात प्रत्येकाला ती वेगळ्या कारणासाठी हवी होती. अण्णांना पेट्यांसाठी. नवऱ्याला, उन्मेषला, लोटे एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीतल्या मित्रांपुढे उभी करायला. उमाला ती का हवी होती, हे मात्र कोणी विचारलं नव्हतं.

उमा शहरातल्या शाळेत शिकवायची. अडीच वर्षांची उर्वी त्याच शाळेच्या शिशुवर्गात. रोज साडेनऊला मायलेकी नाक्यावर जाऊन वडापच्या रिक्षात बसायच्या. बसायच्या म्हणजे, सहा माणसांच्या रिक्षात दहावी माणूस म्हणून उमा शिरायची आणि तिच्या मांडीवर उर्वी. समोर मासळीची पाटी आली की उर्वी त्यातल्या प्रत्येक बांगड्याला "टाटा" करायची. गेल्या महिन्यात एका वळणावर दार उघडलं. उर्वीची एक चप्पल रस्त्यावर पडली. चप्पलच पडली. पण त्यानंतर आठ दिवस रिक्षा दिसली की उमाचा हात आपोआप पोरीच्या दंडाभोवती आवळायचा, आणि उर्वी म्हणायची, "आई, दुखतंय."

ही गाडी आली तर ती आपण चालवायची, रोज, शाळेपर्यंत. एवढंच तिचं म्हणणं होतं. लायसन होतं तिच्याकडे. उर्वीच्या लसींच्या कार्डाशेजारी एकाच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेलं. घरात सगळ्यांना ते माहीत होतं. सून शाळेत असताना गॅदरिंगमध्ये नाचली होती, हे जसं माहीत असतं तसं.

शनिवारी उन्मेष लोट्याहून घरी आला, तेव्हा तिने सांगून पाहिलं. तो म्हणाला, "बघू." 'बघू' हा या घरातला नकाराचा सभ्य प्रकार होता.

अण्णांचा बेत तर पक्का होता. "सीझनला बाबू ड्रायव्हर ठेवू. बाकीचे महिने ताडपत्री घालून खोपीत ठेवायची. वापरली नाही की गाडी टिकते, आणि टिकली की विकताना चार पैसे येतात." न वापरता विकण्यासाठी गाडी घ्यायची, हे गणित उमाने पाचवीच्या वर्गाला घातलं असतं तर वर्ग हसला असता.

"भरूनच बघू," अण्णा म्हणाले.

मागचं सीट अर्धं दुमडलं आणि पेट्या चढू लागल्या. माल दोन दिवसांपूर्वीच वाशीला गेला होता, त्यामुळे पेट्या रिकाम्या, आत नुसता पेंढा. मागचं दार कपाटासारखं बाजूला उघडणारं. ते पायरीच्या दगडाला अडत होतं, म्हणून उन्मेष पोट आत घेऊन एका बाजूने पेट्या सरकवत होता. एकावर एक, थेट छतापर्यंत. सतराव्या पेटीला दीपक म्हणाला, "बास ना, सर?" अठरावी अण्णांनी गुडघ्याने दाबून बसवली.

उन्मेष स्टिअरिंगवर, अण्णा त्याच्या शेजारी, आणि ड्रायव्हरच्या मागे आता एकच जागा उरली. तिथे दीपक बसायला गेला.

"तू कुठे?" अण्णा म्हणाले. "तिथे सूनबाई बसेल नातीला घेऊन. तुझं वजन धरून आम्हाला ॲव्हरेज कसं कळणार? तू पन्हं पी."

"सर, कंपनीचा नियम आहे, टेस्ट ड्राइव्हला माझं गाडीत असणं..."

"अरे, गाडी घेऊन आम्ही पळून कुठे जाणार? घर इथेच आहे."

एवढ्यात यमुनाबाईंनी पन्ह्याबरोबर फणसाचे गरेही आणून ठेवले आणि कंपनीच्या नियमाचं काही चाललं नाही.

जाताना ठीक झालं. उन्मेषने गाडी गडग्यांमधल्या वाटेने खाली उतरवली. दोन्ही बाजूंना जांभा दगड रचून घातलेले छातीएवढे गडगे, मध्ये एक गाडी जाईल एवढीच जागा, आणि सुमारे दीडशे पावलांवर पावस गावाला जाणारा डांबरी रस्ता. तिथे त्याने दोन किलोमीटर गाडी पळवली, "पिकअप आहे हं," असं तीनदा म्हणाला आणि परत वळला. उमा मागे एका हाताने उर्वीला आणि दुसऱ्या हाताने वरच्या पेटीला धरून बसली होती. खड्ड्यागणिक अठरा पेट्या टाळ्या वाजवत होत्या. उर्वीला वाटलं, त्या आपल्यासाठीच. तीही वाजवत होती.

वाट अर्धी चढून झाली आणि वरून वाडीतल्या शिवाचा टेम्पो आला. रावजींच्या बागेतला माल, वर दोरखंड, त्याच्याही वर दोन गडी.

दोन्ही गाड्या नाकाला नाक लावून थांबल्या.

या वाटेचा एक कायदा होता, आणि तो अण्णांनीच सरपंच असताना केलेला. सीझनमध्ये भरल्या गाडीला मान. रिकामीने मागे जायचं. त्यावरून मारामाऱ्या थांबल्या होत्या. अण्णा तो कायदा पाहुण्यांना चहाबरोबर ऐकवत.

शिवाने मान बाहेर काढली. "अण्णा, मागे घ्यावा लागेल ओ."

"का म्हणून?" अण्णा म्हणाले. "आम्ही पण भरलेले. अठरा पेट्या आहेत."

शिवा उतरला. खिडकीतून हात घालून त्याने उमाच्या बाजूच्या पेटीचं झाकण उचललं. आत पेंढा. दुसरी पेटी नुसती बोटाने ढकलली, ती हलली.

"पेट्या हायत," तो म्हणाला. "आंबे कुठे हायत?"

"कायद्यात भरली गाडी म्हटलंय. काय भरलं, ते कुठे म्हटलंय?"

टेम्पोवरचे दोन्ही गडी दुसरीकडे बघून हसले. शिवा हसला नाही, तेच जास्त लागलं. "अण्णा, तुमीच केलात ओ कायदा."

अण्णांचं तोंड एकदम लहान मुलासारखं झालं. "घे रे मागे," ते उन्मेषला म्हणाले.

उन्मेषने आरशात पाहिलं. आरशात पेट्या होत्या, बाजूच्या आरशांत नुसता लाल दगड. मान वळवून पाहिलं, तर जवळून तशाच पेट्या. त्याने रिव्हर्स टाकला आणि गाडी मोठ्या निश्चयाने उजव्या गडग्याकडे निघाली. ब्रेक. बंद. पुन्हा चालू, या वेळी डावा गडगा. क्लच जळल्याचा वास आला. लोट्यात तो कंपनीच्या बसने कामावर जायचा, आणि बसमध्ये तो झोपायचा.

"हा उतार चुकीचा आहे," तो म्हणाला.

"पिढ्यान्‌पिढ्या इथेच आहे तो," अण्णा म्हणाले.

उर्वीने रडायचा सूर लावला. आणि उमाच्या मनात काही ठरण्याच्या आत तोंडून बाहेर पडलं, "अहो, उतरा."

"अगं, पण..."

"उतरा म्हणते ना. आणि हिला घ्या."

एरवी एकटे असले की ती त्याला उन्मेष म्हणायची. 'अहो' सासऱ्यांसमोरचं. पण आजचं 'अहो' ऐकून तो पट्टा सोडवून उतरलासुद्धा.

उमाने सीट पुढे घेतलं, आणखी पुढे, शेवटच्या खाचेपर्यंत. तरी क्लच तिच्या चवड्यालाच लागत होता, आणि होता दगडासारखा. उन्मेष पोरीला कडेवर घेऊन गाडीच्या मागे निघाला, "मी दाखवतो, ये ये ये," म्हणायला.

"मागे नाही!" ती ओरडली. तिचा स्वतःचाच आवाज तिला अनोळखी वाटला. "मागचं मला काही दिसत नाही. तुम्ही दोघं इथे पुढे उभे राहा, टेम्पोला टेकून. तुमच्यावरून माझी नजर हलता कामा नये."

ते दोघं समोर जाऊन उभे राहिले. उर्वीने काचेतून आईकडे पाहिलं आणि रडं अर्ध्यावर टाकून दिलं.

माहेरी, बुरोंडीला, उमाच्या बाबांची जुनी जीप होती आणि अंगणात ती वळवायला जागा नव्हती. म्हणून ती दरवेळी रस्त्यापर्यंत उलटीच न्यावी लागायची. सरळ चालवायला उमा नंतर शिकली. हे तिने या घरात सांगितलं नव्हतं, कारण असं कोणी कोणाला कधी विचारत नाही.

"अण्णा, तुमची काच खाली घ्या. डोकं बाहेर काढा आणि गडगा किती लांब आहे ते सांगत राहा."

अण्णांना आयुष्यात कोणी डोकं बाहेर काढायला सांगितलं नव्हतं. त्यांनी काढलं.

"वीतभर," ते म्हणाले. गाडी हलली. "वीतभर... वीत... चार बोटं. अगं, चार बोटं! तीन..."

"कळलं." तिने किंचित स्टिअरिंग फिरवलं.

"पुन्हा वीत. वीत. शाब्बास. आता वाट वळते तिथे रावजींच्या कलमाचं मूळ बाहेर आलंय, सांभाळ. दोन बोटं. एक. उमा, एक बोट!"

खर्र झालं. मागच्या बंपरवर जांभ्याने लाल रेघ ओढली.

"गेलं बोट," अण्णा म्हणाले.

"पुसलं तर जाईल," उमा म्हणाली. जाईल की नाही याची तिला खात्री नव्हती, पण आवाजाला होती.

टेम्पो एकेक पाऊल खाली येत होता आणि त्याच्यापुढे उन्मेष उर्वीला घेऊन लग्नातल्या वरातीसारखा चालत होता. मागची चाकं डांबरावर चढल्याचा गुळगुळीत धक्का बसला, तेव्हा कुठे उमाच्या लक्षात आलं, आपण मघापासून खालचा ओठ चावतोय.

तिने गाडी कडेला घेतली. शिवाचा टेम्पो शेजारून गेला. "वैनी, तुमी सांगितला नाय ओ कधी," एवढंच म्हणून त्याने हॉर्न दिला.

उन्मेष येऊन ड्रायव्हरच्या दाराशी उभा राहिला. सवयीने. उमाने दार उघडलं नाही. हात स्टिअरिंगवरच ठेवले.

"मागे बसा," ती म्हणाली. "आणि हिला घट्ट धरा. शाळेपर्यंत जाऊन येते. मला रोज तेच करायचंय, तर तेच करून बघितलं पाहिजे."

आता बाबू ड्रायव्हरचं नाव निघणार असं वाटलं, म्हणून तिने आधीच अण्णांकडे पाहिलं. अण्णा बाहेर काढलेलं डोकं आत घेऊन मानेवरची लाल धूळ झटकत होते. उन्मेष पेट्यांच्या शेजारी शिरला. उर्वी त्याच्या मांडीवरून म्हणाली, "आई गाडी!" तिच्या भाषेत त्याचा अर्थ बराच मोठा होता.

रस्ता मोकळा होता. गाडी उंच, त्यामुळे सात वर्षं रिक्षातून नुसते गडगेच पाहिलेल्या उमाला पहिल्यांदा गडग्यांपलीकडचं दिसलं. कोणाची विहीर, कोणाच्या दोरीवरचे परकर, कोणाचं वाळत घातलेलं कोकम. लोकांची एवढी घरं होती तर इथे!

"काय वाटतंय?" अण्णांनी विचारलं. नात्यातल्या माणसाला नव्हे, कलमं पाहायला आलेल्या जाणकाराला विचारतात तसं.

उमाने जाणकारासारखंच सांगितलं. "क्लच जड आहे. मला पाठीशी उशी लागेल. स्प्रिंगा कडक, उर्वी मागे झोपणार नाही. मागचं दार अडचणीत उघडत नाही आणि स्टेपनीने मागची काच अर्धी खाल्लीय, म्हणून पेट्या कधीही काचेच्या वर जाता कामा नयेत. पण खड्ड्यात पोट घासत नाही, आणि लांबचं दिसतं. घ्यायची तर वापरायला. खोपीत ठेवायला नको."

"म्हणजे किती पेट्या?"

"अकरा. सकाळी आठपर्यंत. नऊला मला ती झाडलेली पाहिजे. सीटवर पेंढा चालणार नाही."

"अकरा म्हणजे फारच..." अण्णा म्हणाले आणि थांबले. मागून उन्मेष म्हणाला, "अण्णा, अकरा बरोबर आहे." त्याच्या कानाला पेटीचा कोपरा टोचत होता, हेही त्याच्या प्रामाणिकपणाचं एक कारण असू शकेल.

भाट्याचा पूल आला. खाडीवरचा वारा आत शिरला आणि पेंढ्याच्या काड्या सगळ्यांच्या केसांत बसल्या. उर्वीने खाली उभ्या असलेल्या होड्यांना एकेक करून टाटा केलं. दोन्ही हातांनी, कारण आज तिचा दंड कोणी धरला नव्हता. बापाने तिला पोटाशी धरलं होतं.

पूल संपल्यावर अण्णा घसा खाकरून समोर बघत म्हणाले, "गाडी आली, की सोमवारी मी पण येईन. डॉक्टरांकडे जायचं असतं. रिक्षात गुडघा मोडतो. तू किती वाजता निघतेस?"

"साडेनऊ."

"पावणेदहा नाही चालणार?"

"नाही, अण्णा. पहिली घंटा असते," उमा म्हणाली, आणि गिअर बदलला.