आयोडीन आणि पेज

आमच्या अण्णांनी रत्नागिरीच्या शाळेत जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं आणि घरी येऊन माणसांची वर्गवारी केली. अधातूंमध्ये ब्रोमीन तेवढा द्रव, बाकीचे एक तर स्थायू होऊन बसून राहतात, नाहीतर वायू होऊन हुंदडतात, असं ते सांगत. मी वायू, कारण लग्न करून पुण्याला पळाले. आई आयोडीन. दिसायला स्थायू, पण झाकण उघडं राहिलं की न वितळताच वाफ होऊन हळूच निघून जाणारी. यावर आई म्हणायची, "आणि हे कोळसा. पेटतील तेव्हा पेटतील."

चैत्रात ती गेलीही तशीच. ना आजार, ना अंथरूण, दुपारी झोपली ती उठलीच नाही.

तेव्हापासून अण्णा जेवेनात. तेरावा झाला, पाहुणे पांगले, तरी मी केलेली पेज वाटीत निवत राही. मी मुळात तापट. आधी चिडले, मग समजावलं, शेवटी रडलेसुद्धा. ते पडवीतल्या झोपाळ्यावर डोळे मिटून बसून राहत. एकदा म्हणाले, तिचा चेहरा दिसतो, पण हात कसा होता ते आठवत नाही. हे असेच उपाशी राहिले तर एकाच उन्हाळ्यात मला दोघंही गमवावी लागतील, या भीतीने माझी झोप उडाली होती.

काहीतरी काम हवं म्हणून वैशाखातल्या एका सकाळी मी स्वयंपाकघरातलं फडताळ आवरायला घेतलं. फळ्यांवर आईने शाळेतले जुने कोरे कागद अंथरले होते. केसांना खोबरेल चोपडून झालं की ती तिथूनच चहाचा डबा काढी, तेलकट हात फळीवर टेकवून. मी एक कागद चुरगळणार, तोच मागून आवाज आला.

"अगो, टाकू नकोस. तिचा हात आहे त्यावर."

कागद कोरा होता. मला वाटलं, आता यांचं डोकंही गेलं.

अण्णांनी कपाटातून आयोडीनची बाटली काढली. तिच्यापायी कपाटाचा तो खण तपकिरी झाला होता आणि आईने त्यावरून त्यांना कितीदा तरी बोलून घेतलं होतं. लोणच्याची रिकामी बरणी पडवीतल्या उन्हात ठेवून त्यांनी आत काळपट खडे टाकले, कागदाची सैल गुंडाळी सरकवली आणि झाकण लावलं. पुस्तकातली खोली पंचवीस अंशांची असते, म्हणाले, आपल्याकडच्या उन्हात आयोडीनला जरा घाई असते, आणि त्याची वाफ तेलाच्या डागाला चिकटते. सुंभ जळाला तरी पीळ गेला नव्हता. कितीतरी दिवसांनी मला हसू आलं.

बरणीत जांभळं धुकं भरू लागलं. बागेतून आंब्यांचा वास येत होता, झोपाळा आपोआप हलत होता. आम्ही दोघं बरणीशी बसून राहिलो. आई आत स्वयंपाकघरात आहे आणि आता चहाला हाक मारेल, असं मला खरोखर वाटू लागलं. किती वेळ गेला कोण जाणे.

मग कागदावर तपकिरी छटा आली. कडेला पुसट डागांची गर्दी, आणि मधोमध एक हात. आधी तळवा, मग बोटं, मग लहानपणी मोडून वाकडीच बसलेली करंगळी. मला हुंदका आवरेना.

अण्णांनी कागद बाहेर काढून मांडीवर धरला. वारा लागताच करंगळी फिकी व्हायला लागली. मी म्हटलं, परत बरणीत घाला. त्यांनी नकारार्थी मान हलवली. परत येईल, म्हणाले, पण परत जाईलही.

"पेज केलीयेस ना गो? वरची निवळ आण."

मी धावले. पातेल्यातली निवळ पेज फडक्यातून गाळून त्यांनी इस्त्रीच्या वेळी पाणी मारायच्या बाटलीत भरली आणि हलक्या हाताने कागदावर फवारली. आयोडीनला भाताचं सत्त्व लागलं तसा तपकिरी हात निळा झाला, गडद निळा, आणि तसाच राहिला.

अण्णांनी आपला पंजा त्या हातावर धरला, न टेकवता. कागद वाळेपर्यंत ते हलले नाहीत. मग त्यांनी पातेल्याकडे पाहिलं.

"उरली असेल तर दे वाटीभर," ते म्हणाले. "आणि मीठ घाल. ती जरा जास्तच घालायची."