गोड झाल्यावर सांगायचं

दोघी बहिणींचा धंदा लहान आणि ऐट मोठी. खूप पाहुणे असतील तर त्या सरळ नकार देत. छोटी, देखणी लग्नं आणि कंपन्यांच्या घरगुती वाटतील अशा मेजवान्या, एवढंच त्या करत. धाकटीकडे फुलं, दिवे, टेबलं, रंग. तिचा हात असा, की तिने सजवलेल्या खोलीत शिरताना माणूस आपोआप आवाज खाली आणायचा. थोरलीकडे माणसं. कुणाचं कुणाशी पटत नाही, कुणाला पाठीशी उशी लागते, कुणाला कोपऱ्यात बसवलं की बरं वाटतं, हे सगळं ती आधी हेरून ठेवायची. त्यासाठी प्रत्येक पाहुण्याला स्वतः फोन करायची आणि एकच प्रश्न विचारायची, "तुम्हाला काय आवडतं?" लोक आधी बिचकत, आणि मग असे काही सुटत की फोन कधी ठेवावा ते तिला कळेनासं होई.

नकाशेवाल्या काकांनाही तिने असाच फोन केला होता. इमारतींचे आराखडे करणाऱ्या एका कंपनीने काकांसारख्या आपल्या काही जुन्या माणसांसाठी दुपारचं जेवण ठरवलं होतं. कंपनीत माणसांचं खातं सांभाळणाऱ्या प्रमुखबाई थोरलीला म्हणाल्या होत्या, "आमच्या जवळच्या लोकांचं कौतुक करायचंय. प्रत्येकाने घरचं एक माणूस सोबत आणायचं. अगदी आपुलकीचं वाटलं पाहिजे." थोरलीला ते फारच आवडलं. कंपनीवाले बहुतेक वेळा आधी आपल्या पाटीचा आकार सांगतात. माणसांची गोष्ट काढणारं कुणीतरी भेटलं म्हणून ती खूश झाली.

"मला काय आवडतं?" काका फोनवर चाचरले. "थांबा हं, हिला विचारतो."

मग काकू आल्या. "त्यांना काय आवडतं ते त्यांना काय विचारता! पिवळी फुलं ठेवा. आणि मला पंख्याखाली बसवू नका, मान धरते." जरा थांबून त्यांनी आवाज बारीक केला. "काय हो, बढतीबिढती आहे का? बोलले नाहीत ते, पण काल बुटांना पॉलिश करत बसले होते."

"बढतीचं मला ठाऊक नाही," थोरली हसली. "पण कौतुक आहे, एवढं नक्की."

कंपनीचे फोन घेणारी एक बाई होती. ती म्हणाली, "नवरा परगावी असतो, सासूबाईंना आणलं तर चालेल ना? फक्त त्या जरा तोंडाला स्पष्ट आहेत."

"मग तर आणाच," थोरली म्हणाली.

या कामाला एक झालरही होती. कंपनीच्या साहेबांच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न याच दोघींकडे होतं. धाकटी किती दिवस त्याच कामात बुडाली होती. पांढऱ्या आणि हिरव्या रंगात सगळा समारंभ तिने कागदावर उभा केला होता, कापडाचे तुकडे खिडकीला टांगून उन्हात कसे दिसतात ते पाहिलं होतं. असं काम हातात येण्याची ती कधीपासून वाट बघत होती.

जेवण होतं एका बागेतल्या काचेच्या हॉलमध्ये. सकाळपासून धाकटी लांबट टेबलावर पिवळी फुलं लावत होती, थोरली आचाऱ्याशी बोलत होती. तेवढ्यात कंपनीची गाडी आली आणि ड्रायव्हरने पुठ्ठ्याच्या पेट्या उतरवून दाराजवळ रचल्या. प्रमुखबाईंनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं, "निघताना प्रत्येकाला एकेक द्यायची. जरा रिबीन बांधा, म्हणजे बरं दिसेल." भेटवस्तू असतील, असं दोघी धरून चालल्या होत्या.

एका पेटीचं झाकण नीट बसत नव्हतं. आतलं सामान सरळ करावं म्हणून धाकटीने ते उघडलं आणि ती तशीच उभी राहिली.

"ताई, इकडे ये."

आत एक कानतुटका कप होता. ऑफिसात पाठीशी घ्यायची चपटी झालेली उशी. चघळून टोकं कुरतडलेल्या पेन्सिलींचा जुडगा, ॲसिडिटीच्या गोळ्या, लोकरीचा मफलर. वरून नकाशेवाल्या काकांच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली. थोरलीने शेजारची पेटी उघडली. एक हातआरसा, हँड क्रीमची पिळून पिळून संपवलेली ट्यूब, आणि लहान मुलाने रंगवलेलं एका बाईचं चित्र, कानाला हा एवढा मोठा फोन लावलेलं.

माणसांची टेबलं रिकामी करून आणली होती. आणि त्या पेट्यांवर या दोघींनी रिबिनी बांधायच्या होत्या.

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रमुखबाई तोवर आल्याच होत्या. तिने त्यांना स्वयंपाकघराच्या बोळात गाठलं.

"या लोकांना कामावरून काढताय तुम्ही?"

"आवाज हळू, मॅडम." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "गोड झाल्यावर सांगायचं ठरलंय. पोट भरलेलं असलं की माणूस शांतपणे ऐकून घेतो. आणि घरचं माणूस शेजारी असलं की कुणी तमाशा करत नाही. खूप विचार करून ठरवलंय हे."

"आणि साहेब सांगणार?"

"साहेबांना ऐनवेळी काम निघणार आहे."

"निघणार आहे? म्हणजे अजून निघालेलं नाही, पण निघणार हे नक्की?"

बाई अवघडल्या. वाईट बाई नव्हती ती. तिच्या डोळ्यांखाली झोप नसल्याच्या खुणा होत्या. पण तोंडातून जे बाहेर पडलं ते असं: "म्हणून तर तुम्हाला बोलावलं ना. तुमच्या समारंभात कुणी आवाज चढवत नाही, असं सगळे सांगतात."

थोरलीला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. ऑपरेशनच्या आधी भूल देतात, तशी ती या माणसांना आठवडाभर फोनवरून भूल देत होती. काय आवडतं, काय आवडतं म्हणून विचारत होती. आणि ती बिचारी सांगत होती!

"तुम्ही आत्ता दारात सांगा त्यांना. जेवणाआधी."

"मला तशी परवानगी नाही."

"मग साहेबांना फोन लावा."

साहेबांचा आवाज मऊ होता, ओल्या साबणासारखा. "ताई, तुम्ही फुलांचं बघा. बाकीचं आम्ही बघतो. आमची लेक तर तुमच्या कामावर बेहद्द खूश आहे. लग्न जवळ आलं, नाही का?"

"आलं ना," थोरली म्हणाली. "साहेब, तुम्ही येताय, की मी सांगू?"

फोन कट झाला.

धाकटी मागेच उभी होती. "ताई, जरा थांब. आपण फक्त जेवण वाढतोय. निर्णय आपला नाही."

"फोन माझे होते गं."

"आणि लग्न? ते हातचं जाईल, कळतंय ना तुला?"

"जाईल."

"माझं काम आहे ते, ताई!" धाकटीने हातातली रिबीन खाली फेकली. "तू चिडतेस आणि चिरडलं जातं ते नेहमी माझं. एकदा तरी मला विचार की!"

खरं होतं ते. पण विचारायला वेळ उरला नव्हता, फाटक वाजलं होतं.

पाहुणे एकत्रच आले. काका इस्त्रीच्या शर्टात, चकचकीत बुटांत, जरा कडक चालीने. काकूंनी आधी छताकडे पाहिलं. फोनवालीने केस नवीन पद्धतीने कापले होते आणि ती सारखा त्यांना हात लावत होती. तिच्या सासूबाई ठेंगण्या, ठाम, पर्स पोटाशी धरलेल्या. काचेतून आत पाहत काका एकदम थबकले.

"अहो, खरंच ठेवलीत की पिवळी!"

थोरलीला आता एक क्षणही थांबवेना.

"काका, आत जायच्या आधी ऐका. सगळेच ऐका. हे कौतुकाचं जेवण नाही. मला तसं सांगितलं, मी तुम्हाला तसं सांगितलं, आणि ते खोटं निघालं. गोड झाल्यावर तुम्हाला कामावरून कमी केल्याचं सांगणार आहेत. तुमच्या टेबलावरच्या वस्तू त्या पेट्यांत भरून आणल्यात."

एका बाईने नवऱ्याचा दंड धरला. प्रमुखबाई धावत आल्या, "आपण आत बसून बोलू या ना, प्लीज," म्हणाल्या आणि तिथेच अडखळल्या.

काका पेट्यांपाशी गेले. आपलं नाव शोधलं, आत डोकावले. मग खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून त्यातली एक छोटी किल्ली त्यांनी सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

"माझ्या ड्रॉवरची किल्ली माझ्याकडे आहे," ते म्हणाले. "ड्रॉवर कुणी फोडला?"

प्रमुखबाईंनी मान खाली घातली.

"मी तुमचा चोर आहे का? मागितली असती तर दिली नसती मी किल्ली?" काकांचा आवाज चिरकला. काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, पण त्यांना आवरण्यासाठी नव्हे.

"म्हणजे आम्हाला घरच्यांना कशासाठी बोलावलं होतं?" सासूबाईंनी विचारलं. "यांची रडारड आवरायला? फुकटच्या दाया म्हणून?"

"आजी, तसं नाही..."

"मग कसं? साहेब कुठाय तुमचा?"

"त्यांना काम निघालं."

"बरं झालं आठवण केलीत. सूनबाई, तुझं काम अजून आहे की गेलं?"

"आजचा दिवस तरी आहे, आई."

"मग इथे काय करतेस? चल कामावर."

हे कुणी आधी ठरवलं नव्हतं. पण काकांनी आपली पेटी उचलली, आणि मग एकेकाने उचलली. कंपनी तिथून दोनच गल्ल्या पुढे होती. भर दुपारी, ठेवणीतल्या कपड्यांत, काखेला पेट्या लावून ती मिरवणूक निघाली. रस्त्यावरचे लोक थांबून बघू लागले. थोरलीने काकांची उशी घेतली होती, कारण ती पेटीतून सारखी घसरत होती. मागे वळून पाहिलं तेव्हा धाकटी काचेपलीकडे त्या मांडलेल्या टेबलाशी एकटी उभी होती.

कंपनीत सगळा मजला कामात होता. काकांच्या टेबलावर कुणीतरी आधीच दुसरा संगणक ठेवला होता. तो त्यांनी दोन्ही हातांनी अलगद बाजूला सरकवला, कप ठेवला, पेन्सिली ठेवल्या, खुर्चीला उशी लावली आणि बसले. फोनवालीने चित्र जागच्या जागी चिकटवलं आणि वाजणारा फोन घेतला. काकू आणि सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्यांच्या बाकावर बसल्या. हळूहळू मजल्यावरची सगळी माणसं उठून उभी राहिली. कुणी घोषणा दिली नाही की काही नाही. फक्त उभी राहिली.

साहेबांच्या खोलीत बाहेरची कुणी माणसं बसली होती, त्यांच्यादेखत साहेबांना दार लावून बसून राहता येईना. शेवटी ते बाहेर आले आणि जमिनीकडे पाहत बोलू लागले. बाजाराची परिस्थिती, कठीण निर्णय, कंपनीचं कुटुंब.

"इकडे बघून बोला, साहेब," काका बसल्याजागेवरून म्हणाले.

साहेबांनी पाहिलं. मग फोनवाली उठली.

"रोज सकाळी तुमचा पहिला नमस्कार मला असतो, साहेब. माझं नाव काय?"

साहेबांचे ओठ हलले. मागून प्रमुखबाईंनी हळूच नाव पुरवलं. मजल्यावरचं एकही माणूस हसलं नाही, आणि साहेबांचे कान मात्र लाल झाले. त्यानंतर त्यांना प्रत्येकापुढे उभं राहून, त्याच्या त्याच्या डोळ्यांत पाहून, तुला का काढतो ते सांगावं लागलं. काहींच्या बाबतीत त्यांना कारणच सांगता आलं नाही.

निर्णय मात्र बदलला नाही. सगळ्यांचं काम गेलंच. पेट्या पुन्हा भरल्या गेल्या आणि उशी पुन्हा थोरलीकडे आली. खाली रस्त्यावर आल्यावर काकू थोरलीला म्हणाल्या, "तुमचा राग आलाय मला. खोटं नाही सांगत. तुम्ही फोन केला नसता तर ते इतके खूश झाले नसते हो." थोरलीने नुसती मान हलवली. काकू थोडं पुढे गेल्या, परत आल्या, तिच्या हातातली उशी घेतली आणि निघून गेल्या.

संध्याकाळी लग्नाचं काम काढून घेतल्याचा निरोप आला. धाकटीने खिडकीतले कापडाचे तुकडे उतरवले, घडी घालून कपाटात ठेवले आणि अबोला धरला. घरात दोघीच. तरी धाकटी "चहा ठेवलाय" हे भिंतीला सांगे. थोरलीचा राग काही केल्या उतरत नव्हता. भांडी घासताना उफाळायचा, वेणी घालताना उफाळायचा. माणसाला काढायचं तर काढा, पण आधी त्याला खुलवून कशाला? त्याला बूट घासायला कशाला लावायचे?

आणि एके दिवशी साहेबांची मुलगी स्वतः दारात आली.

"बाबा म्हणाले, तुम्ही आमच्या पाहुण्यांचा अपमान केलात," ती म्हणाली. तिचा सूर भांडणाचा नव्हता. तिला खरंच कळून घ्यायचं होतं.

थोरलीने तिला बसवलं आणि सगळं सांगितलं, तिखटमीठ न लावता, काहीही न गाळता. मी असं केलं, मी असं म्हणाले, मला असं वाटलं. मुलगी ऐकताना अंगठी फिरवत राहिली. शेवटी म्हणाली, "लग्नाच्या तोंडावर बाबांना हे विचारता नाही येणार मला." आणि उठून गेली. पुढे तिच्या लग्नाचं काम दुसऱ्याच कुणीतरी केलं. चांगलं झालं म्हणतात.

दार लागल्यावर धाकटी आतल्या खोलीतून बाहेर आली. कितीतरी दिवसांनी तिने थोरलीच्या तोंडाकडे पाहिलं.

"मी, मी, मी, काय लावलं होतंस तिच्यासमोर?" ती कडाडली. "मी नव्हते का तिथे? हॉलच्या मॅनेजरने अन्न बाहेर नेता येणार नाही म्हटलं, तेव्हा त्याच्याशी भांडून ते त्या सगळ्यांच्या घरी कुणी पोचवलं? काकूंनी दार उघडलं ते माझ्यासमोर, रडल्या त्या माझ्या गळ्यात पडून. विचारलंस कधी?"

थोरली बघतच राहिली. "तू सांगितलं नाहीस."

"बोलत नव्हते मी तुझ्याशी!"

"आणि काकूंनी घेतलं ते जेवण?"

"आधी नाही म्हणाल्या. मग म्हणाल्या, गोड तेवढं परत न्या." धाकटी खुर्ची ओढून समोर बसली. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. "आता मला सगळं सांग. ऑफिसात काय झालं ते, अगदी पहिल्यापासून. आणि मधे चिडू नकोस, मला नीट चिडू दे."